गावाला बसायला एक जागा हवी, पण पैसे कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात नाशिकरोडच्या आमच्या केंद्राबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की सकाळी आजी-आजोबा पेपर वाचायला येतात, दुपारी बायकांचा शिवणाचा वर्ग आणि संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. त्यावर जिल्ह्यातनं इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी आधी बँकेत होते आणि नंतर अकरा वर्षं त्या केंद्राची खजिनदार, त्यामुळं पावतीपुस्तक आणि लाईटबिल या दोन गोष्टींशी माझा जवळचा संबंध, म्हणून जे माहितीय ते मोकळेपणानं सांगते.

प्रश्न : ताई, आम्ही सिन्नरची नऊ जणं, सगळे बावीस ते सत्तावीस वयाचे. आमच्या भागात दहावी-बारावीच्या मुलांना अभ्यासाला जागाच नाही, घरं दोन खोल्यांची, त्यात टीव्ही चालू. कंपनीत शिफ्ट करणारी पोरं संध्याकाळी टपरीवर बसून असतात, म्हाताऱ्यांना मारुतीच्या देवळाचा ओटा तेवढा आहे. आम्हाला युवा केंद्र म्हणा, समाज केंद्र म्हणा, असं काहीतरी काढायचंय. ओळखीच्या इंजिनिअरनं इमारतीचा ४० लाखांचा अंदाज दिलाय. गणेश मंडळाचे ३८ हजार शिल्लक आहेत. एक नेते म्हणतात आमदार निधीतून हॉल देतो, थोडं थांबा. थांबावं का?

थांबू नका. आणि तो ४० लाखांचा कागद सध्या कपाटात ठेवून द्या, फाडू नका, पुढं लागेल.

का ते सांगते. चार वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या एका गावी गेले होते, तिथं छान हॉल बांधलेला, दारात काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, त्यावर सोनेरी अक्षरात नावं. दाराला कुलूप. खिडकीतून वाकून बघितलं तर आत कांद्याच्या गोण्या थप्पी लावून ठेवलेल्या आणि टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं टेकवलेलं, त्यावर कुणाचे तरी दोन शर्ट वाळत घातलेले. शेजारच्या बाई म्हणाल्या, लाईट कापलीय दोन वर्षं झाली, बिल पंचायतीनं भरायचं का मंडळानं ते कधी ठरलंच नाही. इमारतीला त्या गावाला पैसे मिळाले होते, भरपूर मिळाले होते, पण महिन्याला हजार-दीड हजाराच्या बिलाला कुणी वाली नव्हता. भिंतीवर नाव लागतं म्हणून भिंतीला पैसे देणारे भेटतात, ट्यूबलाईटच्या बिलावर कुणाचं नाव लागत नाही ना. म्हणून तुम्ही उलटीकडनं सुरुवात करा, आधी रोजचा खर्च गावातनं उभा करा आणि मग भिंतींचं बघा.

एक खोली भाड्यानं घ्या, किंवा कुणाचा बंद पडलेला गाळा, शाळेची संध्याकाळी रिकामी असणारी वर्गखोली, काहीही चालेल. मग वहीत हिशोब मांडा. मी अंदाजानं मांडून दाखवते, तुमचे आकडे तुम्ही घाला. भाडं ६०००, लाईट १८००, झाडलोट २५००, संध्याकाळी चार तास थांबणाऱ्या माणसाचं मानधन ७०००, पेपर-मासिकं ७००, इंटरनेट १०००, आणि ट्यूब, कुलूप, कॅरमची पावडर, पाण्याचा जार असल्या किरकोळ गोष्टींना १०००. झाले महिन्याचे २० हजार. आता त्या मानधनाच्या ७००० वर पोरं नेहमी काट मारतात, म्हणतात आम्हीच आळीपाळीनं बसू. नका मारू. पहिले दोन महिने उत्साहात बसाल, मग एकाची नाईट शिफ्ट, एकाचं लग्न, एकाची परीक्षा, आणि एक दिवस सहा वाजता कुलूप उघडायला कुणी आलेलं नसतं, दारात आठवीची पोरं दप्तर घेऊन उभी असतात. असं तीनदा झालं की चौथ्यांदा ती येत नाहीत, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

२० हजार म्हणजे २०० घरं आणि घरटी महिना १००. ऐकायला सोपं वाटतं पण त्यात खरी मेहनत आहे. आपल्याकडं ही गोष्ट नवीन नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता, घरोघरच्या बायका दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. मूठ लहान होती पण रोजची होती. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आणि आजही तिथं सभासद वर्गणी भरतात, सभासदच निवडणुकीत कार्यकारिणी निवडतात, त्यामुळं वाचनालय आपलं आहे असं माणसाला वाटतं. तुमची १०० रुपयांची पावतीही तेच काम करेल. ज्या घरातनं दर महिन्याला १०० जातात त्या घरातला बाप पोराला म्हणतो, जा रे, बघून ये काय चाललंय तिथं.

आठ माणसं नेमा, प्रत्येकाकडं २५ घरं, आणि ती त्याच्याच गल्लीतली. वसुली ५ ते १० तारखेच्या आत, कारण पगार तेव्हाच होतात आणि वीस तारखेला कुणाकडंच काही नसतं. शेतकरी घरं असतील तर त्यांना महिन्याचं बंधन नको, वर्षाचं एकदम द्यायला सांगा आणि ते कधी मागायचं ते पिकावर ठरवा. निफाड-पिंपळगावकडच्या वाचकांना सांगते, ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी द्राक्षवाल्याकडं पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका, तो त्याचा खर्चाचा महिना, फेब्रुवारी-मार्चमध्ये माल गेला की जा. पैसे रोख घेतले तरी पावती त्याच मिनिटाला फाडा आणि स्थळप्रत पुस्तकात राहू द्या. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, कुणा एकाच्या मोबाईल नंबरचा नको, मग तो कितीही सज्जन असो. आमच्याकडं सुरुवातीला एका कार्यकर्त्याच्या नंबरवर पैसे यायचे, मुलगा सोन्यासारखा, एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, पण त्याच्या मोबाईलमध्ये घरचे आणि केंद्राचे पैसे एकत्र झाले आणि सात महिन्यांचा हिशोब वेगळा काढायला मला दोन रविवार लागले आणि तोवर गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, त्या मुलाला जो त्रास झाला तो मला अजून आठवतो.

दर महिन्याचा हिशोब दाराच्या बाहेर लावा. आत नको, बाहेर, जाता-येता वाचता येईल असा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि लाईटबिलाची झेरॉक्स शेजारी. आमच्या दारात एक दूध घालणाऱ्या मावशी थांबायच्या, त्यांना वाचता येत नव्हतं, त्या कुणाला तरी वाचून दाखवायला लावायच्या आणि मग पदराच्या गाठीतनं ५० ची नोट काढून द्यायच्या. दर महिन्याला. अकरा वर्षांत त्यांची एकही पावती चुकली नाही.

आता ते ३८ हजार. ती वर्गणी लोकांनी गणपतीसाठी दिलेली आहे. वर्गणी गोळा करायला मंडळानं धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली असणार, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखाली ती घ्यावी लागते आणि हिशोबही द्यावा लागतो. म्हणून गुपचूप तिकडचे इकडं करू नका. मंडळाची बैठक बोलवा, ज्यांनी वर्गणी दिली त्यांनाही बोलवा, शिल्लक अभ्यासिकेला द्यायची का ते विचारा, लोक हो म्हणाले की ठराव लिहा, सह्या घ्या, आणि मग धर्मादाय कार्यालयात विचारून रीतसर वळते करा. लोक बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि त्याच बैठकीत तुम्हाला पहिली ३०-४० घरं मिळून जातील.

आणि आमदार निधी. तो वाईट नाही, नाकारू नका, पण त्यातनं नेमकं काय मिळतं ते समजून घ्या. आमदार निधी काय किंवा खासदार निधी काय (खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात), आमदार-खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनातनं येते आणि काम सरकारी यंत्रणा करते. पैसा हातात येत नाही, वस्तू उभी राहते, आणि तीही साधारण नगरपरिषदेच्या जागेवर, म्हणजे हॉल नगरपरिषदेचा. रोजच्या खर्चाला त्यातनं काही मिळत नाही. तेव्हा भूमिपूजनाच्या आधी, नारळ फुटायच्या आधी, नगरपरिषदेच्या सभेचा ठराव मागा की हॉल चालवायला तुमच्या संस्थेकडं किती वर्षं, लाईटबिल कुणाचं, किल्ली कुणाकडं, आणि लग्न-मेळाव्याला तो वर्षातनं किती दिवस द्यायचा. नंतर हे कुणी लिहून देत नाही. आणखी एक, निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन कामं थांबतात आणि आपल्याकडं एक ना एक निवडणूक असतेच, शिवाय २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत जिल्ह्यातली बरीचशी यंत्रणा गुंतलेली आहे, म्हणजे "थोडं थांबा"चा अर्थ दोन वर्षंही होऊ शकतो. तेवढ्यात तुमची आठवीतली पोरं दहावीत जाऊन बसतील.

भाड्याच्या खोलीत दोन वर्षं रोज दिवा लागला, हजेरीच्या वह्या भरल्या, ऑडिट झालं, की त्याच नेत्याकडं परत जा. तेव्हा मागण्याची पद्धतच बदलते, तुम्ही म्हणता की आमच्याकडं रोज साठ पोरं येतात आणि जागा वीसचीच आहे.

प्रश्न : संस्था रजिस्टर करायची का ट्रस्ट, आणि किती माणसं लागतात? सीए वेगळं सांगतो, वकील वेगळं. (येवला)

छोट्या गावच्या केंद्राला संस्था बरी पडते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायची, त्याला निदान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात, आपल्या जिल्ह्याचं कार्यालय नाशिकला आहे. त्यानंतर पॅन, त्यानंतर बँक खातं, दोन सह्यांचं.

सात जण निवडताना नवरा-बायको-मेहुणा असं करू नका. कायद्यात काय चालतं तो भाग वेगळा, पण देणगी देणारा आधी यादी बघतो आणि सातातली पाच आडनावं एकच दिसली की वही मिटतो. दोन बायका, एक शिक्षक, एक हिशोब कळणारा आणि एक तरी पंचविशीच्या आतला, असं बघा.

आणि एक गोष्ट जी मी स्वतः चुकले. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमचे सचिव नोकरीनिमित्त पुण्याला गेले, आम्ही म्हटलं करू निवांत, आणि मग बँकेत सही त्यांची, कागदोपत्री सचिव तेच, नवीन माणसाला बँक उभं करेना. चेक सही करायला पुण्याला पाठवायचो, शिवणवर्गाच्या बाईंचं मानधन दोनदा तीन-तीन आठवडे उशिरा गेलं. त्यांचं घर त्यावर चालत होतं. बदल झाला की त्याच आठवड्यात अर्ज द्या.

वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट. संस्थेसाठी कर्ज काढायचं असेल किंवा संस्थेची जागा विकायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही सातपूर, अंबड, गोंदे मिळून चौदा कंपन्यांना सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या समाजकामाला जो पैसा देतात त्यासाठी, पत्रं दिली. एकाचंही उत्तर नाही. कंपन्यांना तर कायद्यानं द्यावंच लागतं ना? (इगतपुरी)

सगळ्यांना नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, त्यात ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. अंबडमधला वीस कामगारांचा वर्कशॉपवाला यात येत नाही, त्याला सीएसआरचं पत्र दिलं की तो बिचारा बाजूला ठेवून देतो. तुमच्या चौदातले निम्मे तरी असेच असतील.

जे यात बसतात त्यांना पैसे कुणाला द्यायचे यावरही अटी आहेत. संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा, आयकर खात्याची बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि एटीजी, म्हणजे ८०जी (देणगी देणाऱ्याला करसवलत), अशी नोंदणी हवी, आणि सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा, हा फॉर्म २०२१ पासून सक्तीचा आहे. सरकारी योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणीही विचारतात. तुमची संस्था गेल्या वर्षीची असेल तर यावर्षी त्या दारात वेळ घालवू नका, तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवा.

मग करायचं काय? लहान मालकाकडं माणूस म्हणून जा. निमा, आयमा या आपल्याकडच्या उद्योजकांच्या संघटना, सिन्नरकडं मुसळगावची सहकारी वसाहत, माळेगावची एमआयडीसी, इथं ओळख काढा. त्याला ४० लाख सांगू नका, त्याला एक नेमकी वस्तू सांगा. आम्हाला अभ्यासाची १२ टेबलं एका फॅब्रिकेशनवाल्यानं दिली, पैसे नाहीच, त्यानं स्क्वेअर पाईप कापून त्याच्याच वेल्डरकडनं करून घेतली आणि स्वतः टेम्पोतनं आणून लावली, वरच्या प्लायवूडचा खर्च फक्त आम्ही केला. अजून एकाही टेबलाचा पाय हलत नाही. त्याच्या कामगारांची पोरं आता त्याच टेबलांवर अभ्यास करतात आणि तो दिवाळीला येऊन बघून जातो. असा माणूस सीएसआरच्या यादीत कधी सापडला नसता.

मोठ्या कंपनीत जायची वेळ येईल तेव्हा मार्चच्या शेवटी धावू नका, त्यांचं वर्षाचं ठरवणं साधारण वर्षाच्या सुरुवातीला होतं, एप्रिल-जूनमध्ये एकदा समोर जाऊन बसा. आणि मागताना इमारत, संगणक यांच्यासोबत एका समन्वयकाचा तीन वर्षांचा पगार मागायला लाजू नका. एका कंपनीनं आम्हाला दहा संगणक दिले होते, उद्घाटन झालं, फोटो झाले, पण शिकवणारा माणूस त्यात धरला नव्हता आणि आम्हीही बोललो नाही. वर्षभर दहातले सात झाकूनच होते. मुलं येऊन प्लास्टिकवरची धूळ पुसायची आणि विचारायची, ताई, कधी चालू करणार. ते ऐकणं फार जड जायचं.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत आहे, आमच्या केंद्राला २ लाख पाठवतो म्हणतो. घ्यावेत का? कुणी म्हणतं कायद्याची अडचण येते. (देवळाली)

आधी त्याला एकच विचारा, पासपोर्ट कुठला. भारताचा असेल, म्हणजे नोकरीसाठी तिकडं राहतोय पण नागरिक भारताचाच, तर त्यानं स्वतःच्या बचतीतनं बँकेच्या नेहमीच्या मार्गानं पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरले जात नाहीत. पासपोर्टची प्रत आणि "हे माझ्या बचतीतले" असं त्याचं पत्र फाईलला लावून ठेवा.

अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र थांबा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी तो कायद्यानं परदेशी धरला जातो, मराठी बोलत असला आणि दर गणपतीला घरी येत असला तरीही. अशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती संस्था तीन वर्षांची झाल्याशिवाय आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केल्याशिवाय मिळत नाही, आणि पैसेही फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावे लागतात. लहान केंद्रानं या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुतण्याच्या वडिलांच्या खात्यावरनं फिरवून घेऊ, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल, तो अजिबात ऐकू नका, त्यात संस्था कायमची अडकू शकते.

इकडच्या देणगीदारांसाठीही थोडं सांगते. संस्थेकडं एटीजी असेल तर देणाऱ्याला साधारण देणगीच्या ५० टक्के रकमेवर करात सवलत मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. २००० च्या वर रोख दिले तर सवलत नाही, आणि ज्यानं नवी करप्रणाली घेतलीय त्यालाही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारूनच छापा. देणगीदारांची यादी दरवर्षी वेळेवर ऑनलाईन भरली नाही तर देणाऱ्याला सर्टिफिकेट मिळत नाही, आणि असा एकदा दुखावलेला देणगीदार परत येत नाही.

प्रश्न : आमच्या केंद्राला हॉल मिळालाय. बारसं, साखरपुडा, वाढदिवसाला भाड्यानं दिला तर खर्च सहज निघेल. काही हरकत? (मनमाड)

हरकत नाही, पण वेळापत्रक आधी आणि दरपत्रक नंतर. आमच्याकडं नियम केला होता की सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ९ हॉल कुणालाही नाही, कितीही पैसे देवोत. पहिल्याच लग्नसराईत एकानं दुप्पट भाडं देऊ केलं, फेब्रुवारी महिना, बारावीची परीक्षा तोंडावर, आणि कार्यकारिणीत दोन तट पडले. मी खजिनदार असून नको म्हटलं. एक संध्याकाळ म्हणता म्हणता लग्नाच्या तारखा महिनाभर असतात आणि मांडववाला एकदा आत शिरला की खुर्च्या, जनरेटर, डीजे, सगळं येतं, पोरं परत टपरीवर जातात.

रविवार द्या, दुपार द्या, सकाळी ११ नंतर द्या. अनामत घ्या, सफाईचे पैसे वेगळे घ्या. करासाठी हे लक्षात ठेवा की अशी सार्वजनिक उपयोगाची संस्था भाड्यासारख्या व्यवहारातनं पैसे मिळवत असेल तर ते एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहायला हवेत, वर गेले तर करसवलत धोक्यात येते. आणि नगरपरिषदेची जागा असेल तर भाडं घ्यायची मुभा तुमच्या करारात आहे का ते बघा, नसेल तर आधी ते करून घ्या. लाईटचं मीटर कुठल्या वर्गात आहे तेही महावितरणकडं विचारा, अभ्यासिका-वाचनालय असून व्यापारी दरानं बिल भरणारी केंद्रं मी बघितलीत.

प्रश्न : व्यायामाचं साहित्य, खेळाचं साहित्य सरकारकडनं मिळतं का? (सटाणा)

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या योजना तिथंच असतात, रक्कम आणि अटी बदलत असतात म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय मागून घ्या. युवा मंडळ म्हणून जुन्या नेहरू युवा केंद्राशीही जोडून घ्या, त्याचं काम आता मेरा युवा भारत या नावानं चालतं. पण आधी जागेचा कागद हवा, तुमची किंवा कराराची, त्याशिवाय साहित्य मिळणं अवघड.

प्रश्न : ताई, आमच्या अभ्यासिकेला वर्ष झालं. रोज चाळीस मुलं येतात, मुली तीन. मागच्या महिन्यात एक देणगीदार बघायला आले, म्हणाले मुली का नाहीत, आणि काही न देता गेले. आम्ही कुणाला अडवत नाही. (चांदवड)

तुम्ही अडवत नाही हे खरं असणार, तुमच्या पत्रातनं तळमळ दिसते. पण त्या देणगीदाराचा प्रश्नही बरोबर आहे. आणि देणगीचं जाऊ द्या, चांदवडच्या मुलींना परीक्षा नाहीत का?

आमच्याकडंही पहिल्या वर्षी हेच होतं. आम्ही सभा घेतली, पत्रकं वाटली, मुली आल्या नाहीत. मग मी नववीतल्या एका मुलीच्या घरी गेले, तिची आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मला पाट दिला आणि हात न थांबवता म्हणाली, "बाई, तुमच्याकडं संडास कुठंय?" एवढंच. आमच्याकडं होता, पण मागच्या बाजूला, दिवा नाही, आणि दाराला आतनं कडी नाही, पोरं दगड लावायची. मी त्या खोलीत रोज बसत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या महिन्यात आम्ही बाकी सगळा खर्च थांबवला. नवीन दार, कडी, दिवा, नळ, झाकणाची बादली, सगळे मिळून ११ हजारांच्या आसपास गेले. संध्याकाळी थांबायला एक ताई ठेवल्या, मानधन तेवढंच. दुपारी साडेतीन ते सहा ही वेळ मुलींची म्हणून पक्की केली, कारण त्यानंतर घरी पाणी भरायचं असतं, लहान भावंडं असतात, आणि हिवाळ्यात अंधारही लवकर पडतो. त्या भाकरी थापणाऱ्या आईनंच गल्लीत सांगितलं. तीन महिन्यांत सतरा मुली झाल्या, आणि त्यांच्या आयांनी महिन्याच्या वर्गणीत आणखी बारा घरं जोडून दिली, आम्ही न मागता.

तेव्हा नवीन देणगीदार शोधायच्या आधी उद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर तुमच्या केंद्राच्या मागच्या बाजूला स्वतः जा, आत जाऊन दार लावून बघा, कडी बसते का, दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का. मग त्या तीन मुलींपैकी एकीच्या आईला भेटायला जा, सोबत तुमच्या कार्यकारिणीतल्या एखाद्या बाईंना घ्या. आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते मला लिहा, मी वाट बघतेय.